दीड आटा

"पुन्हा कुणीतरी हात लावलाय," बॉनेटमध्ये वाकलेला दशरथ म्हणाला.

"कोण लावणार, दशरथराव?" उल्काबाई बेहेरे हातातला किल्ल्यांचा जुडगा वाजवत म्हणाल्या. "किल्ली माझ्या कपाटात. आणि या गाडीला हात लावायची हौस असायला माणूस निदान साठीचा तरी हवा."

गाडी थंडी भरल्यासारखी थरथरत होती. जागेवर उभी, गियर काढलेला, तरी आरसा हलत होता आणि सायलेन्सरमधून कच्च्या पेट्रोलचा वास येत होता. चालताना कुठलीही गाडी बरीच वाटते. उभी असताना इंजिन कसं चालतं त्यावरून तिची खरी प्रकृती कळते, हे दशरथ ओव्हाळचं मत. चाळीस वर्षं त्याने या मतावर पोट भरलं होतं.

त्याने एकेका प्लगची वायर काढून पाहिली. वायर काढल्यावर इंजिनाचा आवाज पडला तर तो प्लग कामाचा, नाही पडला तर तो खुशालचेंडू. चारही वायरींना आवाज पडला. म्हणजे प्लग चारही राबत होते, पण काजळून गेले होते. पेट्रोल जास्त जात होतं. मग त्याने कार्बोरेटरच्या बाजूचा तो छोटा पितळी स्क्रू पाहिला, ज्याने हवेत पेट्रोल किती मिसळायचं ते ठरतं. गेल्या खेपेला स्क्रू बसवून झाल्यावर त्याने त्यावर नेलपॉलिशची एक रेघ ओढली होती. अर्धी स्क्रूवर, अर्धी बाहेरच्या धातूवर. लेकीच्या जुन्या बाटलीतला डाळिंबी रंग. स्क्रू फिरला की रेघ तुटते आणि चोर सापडतो, ही त्याची पद्धत.

रेघ तुटली होती.

त्याने मोजत मोजत स्क्रू आत घेतला. एक आटा, म्हणजे पूर्ण एक फेरा. आणखी अर्धा. इंजिनाची थरथर ओसरली आणि गाडी शहाण्यासारखी गुणगुणायला लागली.

"झालं?" उल्काबाईंनी विचारलं.

"झालं," दशरथ म्हणाला. पण त्याचा चेहरा काही तसं म्हणत नव्हता.

दीड आटा. कमी नाही, जास्त नाही. वात्रट पोराने फिरवला असता तर कसाही फिरवला असता. हे काम जाणत्याचं होतं, आणि दशरथला ते माप ओळखीचं होतं. गेली तीन-चार वर्षं या गाडीच्या कार्बोरेटरखालचं पॅकिंग फुटून हवा घेत होतं. बेहेरे साहेबांना त्याने दहादा सांगितलं असेल, बदलूया. "चालतेय ना? मग चालू दे," एवढं बोलून साहेब विषय संपवायचे. हवामान खात्यात हयात गेलेला माणूस. ढगाकडे बघून 'पाहू' म्हणायची सवय. मग दशरथने तो स्क्रू दीड आटा बाहेर काढून जास्तीच्या हवेला जास्तीचं पेट्रोल दिलं होतं. गाडी बरी चालली. साहेब शेजारी उभे राहून कौतुकाने बघायचे. "दीड आटा काय? वा!" म्हणायचे.

नोव्हेंबरात साहेब गेले. वैकुंठ स्मशानभूमीत दशरथही होता. त्याने खांदाही दिला. जानेवारीत उल्काबाई गाडी स्वतः चालवायला लागल्या, तेव्हा त्याने पहिल्यांदा ते पॅकिंग बदललं आणि स्क्रू दीड आटा आत घेतला. आता कुणीतरी तो पुन्हा बाहेर काढत होतं. साहेबांच्या वेळी जिथे होता, नेमका तिथे.

शिवाय बॉनेटचा खटका गाडीच्या आत. आणि किल्लीशिवाय आत शिरायचं तर ड्रायव्हरच्या दाराची मूठ वर दाबून झटका द्यावा लागतो. ती युक्ती जगात दोनच माणसांना ठाऊक होती. त्यातला एक वैकुंठात जळताना दशरथने डोळ्यांनी पाहिला होता.

त्याने नवी रेघ ओढली, आतली पत्र्याची कड न् कड फडक्याने पुसली आणि बॉनेट जरा जोरातच आपटलं.

*

दशरथच्या घरात भिंतीवर बावीस प्रतिज्ञांची तसबीर होती. वडिलांनी दीक्षा घेतली त्यानंतर वर्षाभराने तो जन्मला. आत्मा, भूत, पिशाच्च या मंडळींना त्या घरात कधीच थारा नव्हता. गॅरेजात कुणी नव्या गाडीला लिंबू-मिरची बांधायला लागलं तर दशरथ विचारायचा, "लोणचं घालताय का?" आणि असा माणूस त्या दिवशी जेवताना घासाआड थांबत होता. दीड आट्याचं त्याला भय वाटत होतं, आणि भय वाटतंय याची लाज वाटत होती.

"काय झालं, पप्पा?" मैत्रीने विचारलं. ती शाळेत गणित शिकवायची. चुकलेलं उत्तर तिला वहीच्या आधी चेहऱ्यावर दिसायचं.

"काही नाही. बेहेऱ्यांची गाडी. कुणीतरी माझं काम बिघडवतंय."

मैत्रीने हातातला घास ताटात ठेवला. "पप्पा, एकदा डॉक्टरांना दाखवूया ना. गेल्या महिन्यात शटर सताड उघडं टाकून घरी आलात. परवा मला दोनदा विचारलंत, आई कुठे गेली म्हणून. आई जाऊन नऊ वर्षं झाली."

"झोपेत असेन."

"सकाळी उठल्या उठल्या कुठे जाता अधूनमधून?"

"फिरायला. कुठे म्हणजे?"

"पिशवी घेऊन?"

दशरथने ताट सरकवलं. "हे बघ मैत्री, मी डोक्याने काम करतो. डोकं बिघडलं असतं तर गाड्या बिघडल्या असत्या. माझ्या हातची एक तरी गाडी माझ्या चुकीने परत आली, तर त्या दिवशी तू म्हणशील त्या डॉक्टरकडे येतो. गॅरेजला कुलूप लावून येतो."

हे तो ठसक्यात बोलला खरा, पण बोलून झाल्यावर त्याला कळलं की आता बेहेऱ्यांच्या गाडीत दुसरं कुणीतरी सापडायलाच हवं. माणूस असो, साहेब असोत. कुणीही चालेल.

*

शुक्रवारी उल्काबाईंचा फोन आला. गाडी थरथरत होती.

दशरथ अकराला पोचला. सोसायटीचं पार्किंग इमारतीच्या पोटात, खांबांच्या मधे. बाहेर कोथरूडचं भरउन्हाचं गडबडगुंड्याचं जग चाललेलं, दुचाक्यांचे हॉर्न, क्लासची पोरं; आणि इथे आत थंडगार सावली. ऑफिसवाल्यांच्या गाड्या निघून गेल्या होत्या. मागच्या खांबाशी अठ्ठ्याण्णव सालची ती पांढरी छोटी गाडी एकटीच उभी होती, भिंतीकडे तोंड करून. उल्काबाई किल्ली देऊन वर गेल्या. आज त्या काही बोलल्या नाहीत, हे त्याच्या ध्यानात आलं.

त्याने गाडी सुरू केली. तीच थरथर. बॉनेट उचललं. तीच तुटलेली रेघ. स्क्रूला हात लावायच्या आधीच त्याला माहीत होतं की दीड आटा असणार.

त्याने इंजिन बंद केलं. ते थांबताना दोनदा उचकलं, आणि मग इतकं शांत झालं की वरच्या कुठल्यातरी घरातल्या कुकरची शिट्टी ऐकू आली. दशरथला मागे वळून बघावंसं वाटलं. त्याने बघितलं नाही. साहेब त्याच्या डाव्या खांद्यामागे उभे राहायचे, हात पाठीशी बांधून. आणि आत्ता तिथे कुणीतरी तसंच उभं आहे अशी त्याची खात्री पटत चालली होती.

"साहेब," तो हळूच म्हणाला, "नवीन पॅकिंग घातलंय. आता नको एवढं पेट्रोल."

मग त्याने मान खाली घातली आणि त्याला तो पंजा दिसला.

बॉनेटखाली, गाडीच्या उजव्या बाजूच्या पत्र्यावर, वाकताना माणूस आधाराला हात ठेवतो त्या जागी. मंगळवारी त्याने ती जागा स्वच्छ पुसली होती. आता तिथे ऑइलचा उमटलेला डावा पंजा होता, ताजा. अंगठा, तीन लांब बोटं, आणि करंगळीच्या जागी आखूड ठिपका.

पंचवीस वर्षांपूर्वी एका टेम्पोच्या फॅनबेल्टने दशरथच्या डाव्या करंगळीचं पेर नेलं होतं.

त्याने हात त्या पंजावर ठेवून पाहिला नाही. गरजच नव्हती. तो हात मागे धरून उभा राहिला, चोरी पकडली गेलेल्या पोरासारखा.

*

कोथरूडच्या सोसायटीत चोर शिरू शकतो, पण वहीत सही केल्याशिवाय नाही. दशरथ फाटकापाशी गेला. साईनाथ पहारेकरी खुर्चीत बसून मोबाइल बघत होता. तो मुळशीकडचा, संक्रांतीनंतर इथे लागलेला.

"साईनाथ, बेहेऱ्यांच्या गाडीपाशी सकाळी कोण येतं रे?"

साईनाथ हसला. "काय काका, चेष्टा करताय व्हय? तुमीच तर येता."

"मी अकराला येतो."

"त्ये वायलं. सकाळचं बी येता की. आज बी आल्ता, सात वाजायला आलं व्हतं. मी तुमाला च्या दिला. तुमी म्हनला, साहेबांनी बोलीवलंय, त्यांना आठला जायाचंय." त्याने वही पुढे सरकवली. "ह्ये बगा. सही हाय तुमची."

ओव्हाळ, मेकॅनिक. कुणाकडे: बेहेरे साहेब. काम: गाडी. वेळ: ६.५०. खाली सही, ओ ला नेहमीचा झोकदार वळसा. आजची. सोमवारची. त्याच्या मागच्या बुधवारची. पान उलटलं, तिथेही. अक्षर सुरेख होतं. कुठेही हात कापलेला नव्हता. दशरथने त्या सह्या पुन्हा पुन्हा वाचल्या. ज्या माणसाने त्या केल्या होत्या त्याच्यासोबत तो राहत होता, जेवत होता, आणि त्याची एकदाही गाठ पडली नव्हती.

"साहेबांनी बोलावलंय म्हणालो?"

"व्हय. का? नव्हतं बोलीवलं?" साईनाथने भाबडेपणाने विचारलं. साहेब कोण हे त्याला ठाऊकच नव्हतं.

*

उल्काबाईंनी दार उघडलं आणि त्याचा चेहरा बघून दार उघडंच ठेवून त्या खुर्चीत बसल्या.

"तुम्हाला माहीत होतं, बाई," दशरथ उंबऱ्यातूनच म्हणाला.

"आधी नव्हतं."

"बेल वाजवतो मी?"

"हो."

"काय म्हणतो?"

उल्काबाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "म्हणता, साहेब उठले का? गाडी जरा हलतेय, दीड आटा देऊन ठेवतो म्हणून सांगा. इतकं स्वच्छ विचारता, दशरथराव, की पहिल्या दिवशी मीच मागे वळून बघितलं."

"मग तुम्ही काय सांगता?"

पुण्यातल्या बाईला उत्तर सुचत नाही असं सहसा होत नाही.

"आंघोळीला गेलेत म्हणून सांगते," त्या शेवटी म्हणाल्या. "पहिल्यांदा तोंडातून निघून गेलं. तुम्ही बरं म्हणालात आणि खाली गेलात. मी दार लावलं, आणि... हसू नका. मला वाटलं, खरंच गेलेत आंघोळीला. आता बाहेर येतील, टॉवेल कुठे ठेवलास म्हणून ओरडतील. दोन मिनिटं घर होतं तसं झालं. मग मी वाट बघायला लागले तुमची. गाडी त्यामुळे बिघडते हे दुसऱ्या खेपेला कळलं मला. तरी बोलले नाही. तुमच्या मुलीला फोन करायला हवा होता. नाही केला. माझ्या स्वार्थापायी नाही केला."

दशरथला राग यायला हवा होता. पण त्याला फक्त तहान लागली. त्याने पाणी मागितलं, उभ्यानेच प्यायलं.

"बाई, मला वाटत होतं साहेबच करताहेत. तुम्हाला म्हणून सांगतो, भूत असतं तर बरं झालं असतं."

"मलाही," उल्काबाई म्हणाल्या.

त्याने तिथेच खिशातून फोन काढला. मैत्री वर्गात असणार हे ठाऊक असूनही लावला. तिने उचलला. "मैत्री," तो म्हणाला, "तो डॉक्टर. वेळ घे." पलीकडून काहीतरी प्रश्न आला. "हो. गाडी परत आली. माझ्याच चुकीने." एवढं सांगून त्याने फोन ठेवला. आवाज कुठेही हलला नाही. गिऱ्हाइकाला वाईट बातमी द्यायची तर सरळ द्यावी, उगाच 'बघतो, करतो' म्हणू नये, हेही त्याचं मत होतं.

"खाली चला," तो उल्काबाईंना म्हणाला. "स्क्रू कसा घ्यायचा ते शिकवतो. मी येणारच नाही याची आता मी खात्री देऊ शकत नाही."

खाली त्याने इंजिन सुरू केलं आणि त्यांच्या हातात लांब दांड्याचा स्क्रूड्रायव्हर दिला. आयुष्यभर भाजीत मीठ किती ते नुसत्या वासावरून सांगणारी बाई. पण स्क्रूड्रायव्हर तिने लाटण्यासारखा धरला. "तसा नाही. पेनासारखा. हं. आता हळू आत घ्या. बघू नका. ऐका."

"काय ऐकू?"

"ती कुरकुरतेय. कुरकुर थांबेल तिथे थांबा. पुढे गेलात तर गुदमरेल."

उल्काबाईंनी डोळे मिटले. एक आटा. थरथर कमी झाली. आणखी थोडा. इंजिन एकसारखं चालायला लागलं आणि आरसा स्थिर झाला.

"थांबले," त्या म्हणाल्या.

"बरोबर थांबलात," दशरथ म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते. ते त्याने पुसलेही नाहीत. "आता एक ऐका. उद्या मी आलो तर खरं सांगा मला."

"की ते गेले?"

"हो."

"आणि परवा आलात तर?"

"परवाही सांगा."

"अहो, रोज नव्याने ऐकणार का तुम्ही ते?"

"ऐकेन," तो म्हणाला. "खोटं सांगितलंत तर मी खाली जाऊन चांगली गाडी बिघडवणार, बाई. ते नको."

*

दुसऱ्या दिवशी सातला दहा कमी असताना बेल वाजली.

उल्काबाई जाग्याच होत्या. साडेसहापासून दाराच्या आत उभ्या होत्या. काल रात्री त्यांनी दोन वाक्यं जुळवून ठेवली होती. ती आता आठवेनात. त्यांनी दार उघडलं.

दशरथ इस्त्रीचा शर्ट घालून उभा होता. भांग नीट पाडलेला, खांद्याला हत्यारांची पिशवी. चेहरा ताजातवाना, दहा वर्षांनी तरुण. काल खाली उभा होता तो माणूस यात कुठेच नव्हता.

"साहेब उठले का, बाई?"

आंघोळीला गेलेत. शब्द ओठांवर तयार होते, सवयीने. फक्त उच्चारायचे होते, आणि मागच्या बाथरूममध्ये पाणी वाजायला लागलं असतं. उल्काबाईंना त्या दोन मिनिटांचा इतका लोभ वाटला की त्यांनी दाराची कडी घट्ट धरली.

"दशरथराव," त्या म्हणाल्या, "साहेब गेले."

"कुठे? आज आठला जायचं होतं ना?"

"वारले हो. नोव्हेंबरात. झोपेतच गेले."

तो त्यांच्याकडे बघत राहिला. खांद्यावरची पिशवी हळूहळू घसरून कोपरापर्यंत आली. चेहऱ्यावरची तरतरी बघता बघता ओसरली, आणि एक म्हातारा माणूस तिथे उभा राहिला.

"नोव्हेंबरात," तो म्हणाला. "आणि मला कुणी कळवलंसुद्धा नाही?"

तुम्ही होतात. तुम्ही खांदा दिलात. माझ्या मुलाचं विमान चुकलं, तो पोचेपर्यंत सगळं तुम्हीच बघितलंत. हे सगळं उल्काबाईंच्या घशापर्यंत आलं.

"चुकलं माझं," त्या म्हणाल्या.

"सत्तावीस वर्षं गाडी बघितली मी त्यांची." त्याचा आवाज फाटला. "एक फोन करायचा, बाई."

"करायला हवा होता. राहून गेला."

त्याने पिशवी दाराबाहेर ठेवली. चपला काढल्या. इतक्या वर्षांत तो कधी बैठकीच्या खोलीच्या पुढे आला नव्हता. आता सरळ आतल्या खोलीत गेला आणि साहेबांच्या फोटोसमोर हात जोडून उभा राहिला. मग खुर्चीच्या कडेवर बसला, आणि रुमाल तोंडाशी धरून रडला. उल्काबाई त्याच्यासमोर बसल्या. तेराव्यापर्यंत घर माणसांनी भरलेलं होतं. सगळे त्यांना धीर द्यायला आले होते, त्यामुळे त्या धीराने वागल्या होत्या. नंतर कुणी साहेबांचं नाव काढेना, बाईंना त्रास नको म्हणून. आज चार महिन्यांनी कुणीतरी असं आलं होतं की ज्याला ते नुकतेच गेले होते. त्या मोकळेपणाने रडल्या.

चहा त्यांनी विचारला नाही, त्यानेही अपेक्षा केली नाही. बऱ्याच वेळाने तो उठला. अशा घरातून निघताना 'येतो' म्हणत नाहीत, हे त्याला पक्कं आठवत होतं. काही न बोलता त्याने चपला घातल्या, पिशवी उचलली आणि कठड्याला धरून एकेक पायरी उतरत गेला.